बोला, ऐकतेय

अभ्यासक्रम फुकट आहे, असं मी लिहिते,
आणि बूटदुरुस्तीच्या दुकानावरच्या या खोलीत
हीटरची तार लाल होईपर्यंत हात कोटात ठेवते.
नारिनमधला जानेवारी. उणे सत्तावीस.
नदीसुद्धा काठाकाठाने बोलणं आवरतं घेते.

फुकट गोष्टीचे पैसे कुणीतरी भरत असतं,
हे वीज कंपनीचा माणूस दरमहा
पिवळ्या कागदावर मला समजावून सांगतो.

लोक विचारतात, एर्किनाय, आम्ही काय करू?
सुरुवातीला मी लाजायचे.
नंतर कोडगी झाले.
म्हटलं, फूल ना फुलाची पाकळी,
शंभर सोम द्या, नाहीतर
सातवा धडा बघा आणि कुठे कंटाळलात ते कळवा.
शंभर सोम देणं लोकांना सोपं गेलं.

खालचा झापारबेक पैसे देत नाही.
तो रात्री दहाला हातोडी खाली ठेवतो,
कारण दहाला माझं रेकॉर्डिंग सुरू होतं.
त्याच्या वहीत हे जमेला नाही, नावे नाही, कुठेच नाही.

अकमोरकडेही पैसे नाहीत, शब्द आहेत.
ओशमध्ये बसून ती व्हिडिओच्या तळाशी किरगिझ ओळी भरते.
'लूप'पाशी तीन दिवस अडून बसली.
रशियन शब्द चालला असता, सगळ्यांना कळतो.
चौथ्या दिवशी तिने पाठवला: आयलाम्पा.
पाण्यातला भोवरा.
मी म्हटलं, अगं, भोवऱ्यात गेलेला बाहेर येत नाही.
म्हणाली, अट नीट लिहिली तर येतो.

तालगार मेंढ्यांमागे असतो, सिग्नलसाठी टेकडी चढतो.
त्याने एका व्हॅनवाल्याच्या हाती पिशवीभर कुरुत धाडले,
दगडासारखे घट्ट, आणि चिठ्ठी:
'ही फी नाही. दात सांभाळा.'

आणि बुरुल आपा.
एकतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये,
केसांत अजून हेडफोनची खाच.
कोडमधलं मला ओ की ठो कळत नाही, म्हणते,
पण प्रत्येक धडा ऐकते, डोळे मिटून,
आणि वहीच्या पानाचा फोटो पाठवते:
'तेराव्या मिनिटाला तुझा आवाज बुडाला.
अठराव्याला हसलीस, का ते कळलं नाही.
बाविसावं: इथे तुझी तुलाच खात्री नव्हती.'

बाविसाव्या मिनिटाला खरंच चूक होती.
चार हजार जण तिच्यावरून
मान डोलावत पुढे गेले होते.
मी धडा पुन्हा केला.

फेब्रुवारीत वीज तासन्‌तास जाऊ लागली.
मी एक निरोप लिहून ठेवला, 'काही काळ बंद',
तीनच शब्द,
आणि ते पाठवायला नेटची वाट पाहत बसले.
नेट आलं. माझा निरोप जायच्या आत
तिकडूनच काहीतरी आलं.

एका नव्या विद्यार्थिनीचा पहिला गृहपाठ.
पहिल्या गृहपाठात सगळेच 'नमस्कार, जग' छापतात.
हिने छापायला दिलं होतं:
'बोला, ऐकतेय.'
नाव: बुरुल.
दुसऱ्या ओळीच्या शेवटी अर्धविराम नव्हता,
प्रोग्राम जागचा हलत नव्हता.

बोटं चोळून मी उत्तर लिहायला घेतलं,
तर माझ्याआधी तीन मिनिटं
कुणीतरी लिहून गेलं होतं:
'आपा, दुसरी ओळ पुन्हा बघा.
सांगत नाही. सापडेल तुम्हाला.'

तालगार. कुठल्या टेकडीवर,
कसल्या वाऱ्यात, एक हातमोजा दातांत धरून
त्याने ते टाइप केलं, मी विचारलं नाही.

माझे तीन शब्द तिथेच राहिले, न पाठवलेले.
हीटरची तार सावकाश लाल झाली.
दहा वाजले.
खाली हातोडी थांबली.