टिकू दे

नारिनमध्ये उणे चोवीस. नदी कडेकडेनं गोठलेली,
मधून एक काळी वाट अजून वाहते.
जलखात्याच्या मागच्या खोलीत कोळशाची शेगडी
आणि हॅनोव्हरच्या कुठल्याशा मिटलेल्या बँकेचा
पंधरा वर्षांचा सर्व्हर.
पंखे असे घोंघावतात
की टोक्तोसून आकेंच्या पियालीत चहाला तरंग उठतात.

मी बिश्केकहून आले ती दोन दिवसांच्या बोलीवर.
आज चौथा.

पहिल्या रात्री लिनक्स निमूट बसलं.
'झालं,' म्हटलं मी, आणि यंत्र बंद करून चालू केलं.
काळ्या पडद्यावर, डाव्या कोपऱ्यात, एक कर्सर.
लुकलुकतोय. बस्स.
आजारी माणसाच्या पापणीकडे पाहावं
तसे आम्ही दोघं पाहत बसलो.

दुसऱ्या रात्री लक्षात आलं:
बायोस जुनं, डिस्कचा नकाशा नवा,
आणि मधल्या मध्ये बूटलोडरला
पाय टेकायलाही जागा नाही.
चार टेराबाइटच्या घरात तो मागत होता
एक मेगाबाइट.
'दे की मग,' आके म्हणाले,
'इतकं तर आम्ही दारात कुत्र्यालाही देतो.'
सगळं पुसलं. तोंडाशीच तेवढी जागा कोरली. पुन्हा पहिल्यापासून.

तिसऱ्या रात्री तो बोलला तरी:
ग्रब रेस्क्यू, आणि पुढं, अशी डिस्कच नाही.
नाही कशी? हात लावून बघ, गरम आहे!
मी त्याच्याशी भांडले, मराठमोळ्या नव्हे, किरगिझ शिव्या दिल्या,

छे, हे खोडते. शिव्या फक्त आकेंनी दिल्या,
मी नुसत्या केबली काढून परत खोचल्या.
एक खरंच सैल होती.

आज रात्री दोन वाजता
अक्षरं सरसर वर चढत गेली
आणि शेवटी त्यानं नाव विचारलं, आत येणाऱ्याचं.
आकेंनी कुरुतची पुडी सोडली, एक गोळा माझ्या हातावर ठेवला.
मी ऐटीत पेनड्राइव्ह उपटला, खिशात टाकला,
आणि सवयीनं एकदा बंद-चालू.

कर्सर.

पेनड्राइव्ह खोचला, उठला.
काढला, मेला.
खोचला, उठला.
तेव्हा कुठं उजेड पडला, बेगायिमबाई:
बायोसनं पेनड्राइव्हलाच पहिली डिस्क मोजलं,
आणि तू बूटलोडर लिहिलास तो पहिल्या डिस्कवर.
चार रात्री गावाला वळसा,
कळसा कोटाच्या खिशात.

मग बाहेरून आत शिरले,
त्याच काडीवरून उठून त्याचंच घर माउंट करून,
ह्या वेळी डिस्कचं नाव तीनदा वाचून
तिच्या कपाळावर लिहिलं, पहिल्या पाचशे बारा बाइटांत.

'आणि यंत्राचं नाव?' आकेंनी विचारलं.
सर्व्हर-एक, मी सांगितलं.
ते हसले नाहीत.
'माझ्या आधीची तीन पोरं आईच्या हातून गेली.
म्हणून मला टोक्तोसून. राहू दे, टिकू दे.
नाव साधं ठेवलं असतंस तर मीही गेलो असतो.'
मी टाइप केलं. नऊ अक्षरं, रोमन.

कपाटात त्यांच्या वह्या आहेत, एकसष्ट सालापासूनच्या,
रोजची नदीची उंची, पहिली बावीस वर्षं वडिलांच्या अक्षरात.
त्या आत घालायच्यात. ते काम वसंतापर्यंत पुरेल.

सर्व्हर उठला. काडीशिवाय. एकटा.
'परत बंद कर,' आके म्हणाले.
केला. उठला.
'परत.'
पंख्यांची गर्जना आणि पहिलं अक्षर
ह्यांच्यामध्ये अकरा सेकंद जातात.
मी मोजले आहेत.
चौथ्या वेळेलाही आम्ही दोघांनी
श्वास धरलेलाच होता.