तीन अक्षरं

नाव त्याचं मला कधी वाचता आलं नाही.
पडद्यावर उभी तीन अक्षरं यायची:
पहिलं कौलारू घरासारखं,
दुसरं पाय फाकून उभ्या माणसासारखं,
तिसऱ्याला मी खिडकी म्हणायचो,
एक गज वाकलेली.

फॉकलंड रोडच्या आमच्या टॉकीजात
कार्बनच्या कांड्या जुळवताना पहिल्यांदा दिसली,
खूप नावांच्या दाटीत, अगदी तळाला,
बहुधा मार खाणाऱ्यांच्या रांगेत.
पाच वर्षांनी एकटीच आली, अख्खा पडदा भरून.
म्हटलं, चला, मालक झाला गडी.

नाझमधून सायकलवर डबे आणायचा नरसय्या बोल्ली,
कामाठीपुऱ्याचा, अंगानं काटकी.
केबिनच्या भोकातून उड्या मोजायचा.
"तांडेलमामा, हा मारामारी नाय दाखवत,
मारायच्या आधीचा श्वास दाखवतो."
कोपऱ्यात टिकली चमकायची,
मी दुसरं मशीन सोडायचो.

प्रिंट आमच्याकडे यायची ती
सेन्सॉरनं कापून, गावोगाव घासून, दहादा चिकटवून.
उगारलेला हात
थेट समोरच्याच्या पडण्यात जायचा.
मधला फटका मालेगावात नाहीतर मिरजेत राहिलेला.
पब्लिक शिट्ट्या मारायचं: काय स्पीड आहे!

पुढे नरसय्या स्टुडिओत डुप्लिकेट झाला,
तिसऱ्या मजल्यावरून पडायचे दीडशे रुपये.
गुडघा गेला, तेव्हा परत सायकल.

आणि तिकडे तोही थकत चालला होता.
कॅमेरा हळूहळू जमिनीवर येऊन बसला.
शेवटच्या पिक्चरला तलवार म्यानातून निघालीच नाही.
दोन म्हातारे गुरुबंधू समोरासमोर;
एकानं दुसऱ्याचं तुटलेलं बटण शिवून दिलं,
दोरा दातानं तोडला.
समाप्त.
अठरा खुर्च्या फुटल्या त्या दुपारी.
सहाच्या खेळाला मालकानं नागिणीचा पिक्चर लावला.
नरसय्या तेवढा
लंगडा पाय पुढच्या खुर्चीखाली सरकवून
बसून राहिला, झाडूवाली येईपर्यंत.

त्या अक्षरांची पट्टी मी कापून घेतली होती.
चोरीच ती. बिस्किटाच्या डब्यात ठेवली.
टॉकीज पाडलं त्या वर्षी
नाक्यावरच्या चिनी दातवाल्याकडे नेली,
तीस वर्षं समोर दुकान, कधी विचारलं नव्हतं.
त्यानं ती दिव्यापुढे धरली, चष्मा वर केला.
"मी माझगावचा हो. मला मराठी वाचता येतं.
हे मधलं तेवढं आजोबांनी शिकवलेलं.
माणूस."

पैसे घेतले नाहीत.
डावीकडची दाढ मात्र काढायला हवी, म्हणाला.