खरखर नव्हे, घरघर

रावपुऱ्यात फरसाणाच्या दुकानावर दुसरा मजला.
आठचा क्लास.
खाली पापडी तळतात, वर आमचा पास्ट टेन्स.
हेतल टीचर तेवीस वर्षांची, मी बावन्नचा.
ती मला काका म्हणते, आणि चुकलो की
"फरीथी बोलो."
मराठी माणूस इंग्रजी शिकतो गुजरातीतून,
बडोद्यात याचं कुणाला नवल नाही.

शेजारी फाल्गुनी, कॅनडाला निघालेली नर्स.
तिला परीक्षेत सात हवेत.
मला हवीत फक्त सोमवारची वीस मिनिटं.

मकरपुऱ्यातली आमची कंपनी मार्चमध्ये विकली गेली,
नवे मालक स्वीडनचे.
एकोणतीस वर्षं मी पंप तपासतोय:
स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर,
मूठ कानाला,
डोळे मिटलेले.
आता दर सोमवारी स्क्रीनवर सांगायचं,
कुठला पंप नापास, आणि का.

पहिल्या सोमवारी म्हणालो, "साउंड प्रॉब्लेम."
"व्हॉट काइंड ऑफ साउंड, मिस्टर खान विल कर?"
आपल्याच नावाचे तीन तुकडे ऐकत
मी गप्प.

काय सांगायचं?
ग्रीस कमी पडलं की किरकिर.
कचरा शिरला की खरखर.
शाफ्ट वाकला की घरघर, कफाने भरलेल्या छातीसारखी.
पाण्यात बुडबुडे फुटायला लागले
की पत्र्यावर फुटाणे सांडल्यासारखी तडतड.
आणि एक भुणभुण असते,
जिचं कारण मला आजवर सापडलेलं नाही.
ती आली की मी पंप बाजूला ठेवतो,
एवढंच.

टीचरने मोबाइलमध्ये बघून फळ्यावर लिहिलं:
रॅटल. ग्राइंड. स्क्वील. हम.
घरघरीपाशी तिचा खडू थांबला.
फाल्गुनी म्हणाली, "माणसाच्या छातीत असेल तर व्हीझ.
पंपाचं माहीत नाही."

मी सगळे वहीत उतरवले,
सिटी बसमध्ये पाठ केले,
रात्री मिक्सरपुढे उभं राहून म्हणून पाहिले.
"चटणी वाटू की नको?" शैलाने विचारलं.
शब्द पाठ झाले,
पण एकातही पंप वाजेना.

पुढचा सोमवार. चौदा नंबरचा पंप.
"इट इज... इट इज..."
ग्राइंड म्हणू? पण ग्राइंडमध्ये काहीतरी दळलं जातं,
इथे दळण कुठे होतं!
शेवटी तोंड माइकपाशी नेलं
आणि काढला आवाज:
घर्रर्र, घर्रर्र,
मग जरा थांबून
टक्.

एचआरचा पोरगा टेबलाखाली काहीतरी शोधायला लागला.
स्क्रीनवरचे चार चौकोन गप्प.
मग कोपऱ्यातला, पांढऱ्या भुवयांचा,
आजवर एकदाही न बोललेला,
पुढे वाकला. डोळे मिटले.
"घर्रर्र, टक्?
ऑर घर्रर्र, घर्रर्र, टक्?"

"सेकंड," मी म्हणालो. "सेकंड, सर. एव्हरी टाइम."
"शाफ्ट."
"शाफ्ट."

क्लासमध्ये सांगितलं तेव्हा सगळे हसले,
हेतल टीचर सोडून.
"सरस, काका," ती म्हणाली.
"पण मेलमध्ये काय लिहाल?"

तेही खरंच.
म्हणून आज पुन्हा आठ वाजता
मी फळ्यापुढे उभा आहे:
द पंप हॅज बीन मेकिंग...
इथवर येतो. हॅज बीन मेकिंग.
पुढची जागा रिकामी,
ती खडू धरून वाट बघते आहे.

खाली कुणीतरी कढईत घाणा सोडतं,
चर्रर्र.
फाल्गुनी पेन उचलते.
"काका, याला?"