अंदाजाने नको

सकाळी सातला नॉरिसचा दिवा लावतो.
तो दगडावर चढतो, जबडा उघडा टाकून ऊब पितो.
मला पाहून दाढी काळी करत नाही आताशा.

फ्रिजवर टॅमसिनची यादी.
ॲडलेडला नर्सिंग शिकायला गेली, सरडा माझ्या पदरात.
खाली दोनदा अधोरेखित:
आजोबा, अंदाजाने काही देऊ नका.

अंदाजाने!
बत्तीस वर्षं जमिनीखाली मी अंदाजानेच जगलो,
छत कुरकुरलं की पाय कुठे टाकायचा ते ठरवत.
आता चष्मा लावून रातकिडे निवडतो:
त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून
मोठा एकही नको.
कॅल्शियमच्या भुकटीत घोळवतो,
नोरीन मासे पिठात घोळवायची तसे,
फक्त हे उड्या मारतात.

पालक क्वचितच, तो कॅल्शियम अडवून धरतो.
लेट्यूस म्हणजे हिरवं पाणी.
ॲव्होकाडो विष.
आणि नोरीनचा रुबार्ब,
ती गेली तरी परसात दर वर्षी लालबुंद फुटणारा,
तो तर बघायलाही द्यायचा नाही.

मंगळवारी कुंपणाशी डँडेलियन दिसले.
यादीत आहेत, बरोबरची खूण करून.
ओंजळभर खुडले, तीन पाण्यांनी धुतले,
आणि नळ चालू ठेवून तसाच उभा राहिलो.

ही ब्रोकन हिलची माती.
आमची शॅरन चार वर्षांची असताना
नर्सने तिच्या बोटातून थेंब काढला होता,
कागदावर शिशाचा आकडा आला.
नोरीनने आकडा पाहिला,
मग दाराशी काढलेले माझे बूट.
बोलली काहीच नाही.
त्या दिवसापासून बूट फाटकाबाहेर,
आणि खिडक्यांच्या कडांवर रोज ओलं फडकं.

पाला कचऱ्यात टाकला. गाडी काढली.
दुकानातून मोहरीची पानं आणली, महाग,
आणि कुठल्यातरी दुसऱ्या मातीतला भोपळा.
बारीक किसला.
नॉरिसने आधी एका डोळ्याने मला तपासलं,
मग जाड जीभ टाकली.
कीस दाढीला चिकटला, तो तसाच बसला,
साहेबासारखा.

उरलेली मोहरी मी पावात घालून खाल्ली.
तिखट निघाली, नाकात गेली.
यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली.
माझ्याबद्दल तिच्यात काही नाही.