अठ्ठ्याऐंशीवी पट्टी

मी पियानोचे कान पिळणारा माणूस.
लिएपायाच्या बंदरात, मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्याच्या
करमणूक-मंडळात एक काळा पियानो होता,
पोटात धुरावलेल्या माशांचा वास.
आउस्मा वीतोला नऊ वर्षांची, पाय पेडलला पोचत नव्हते,
म्हणून आईने तिच्या बुटांखाली
लाकडी ठोकळे बांधले होते.
वाजवता वाजवता थांबून तिने मला विचारलं,
"हा मधला एफ रडतो का?"
रडत होताच तो. खुंटी सैल झाली होती
आणि ते मला, पगारी माणसाला, कळलं नव्हतं.

त्यानंतर बावन्न वर्षं.
रीगा, मॉस्को, मोठं पारितोषिक,
आणि मोठ्या पारितोषिकामागून येणारी
लहान गावांची यादी:
नोव्होसिबिर्स्कला उणे तीस, ताश्कंदला टरबुजं,
एका लष्करी तळावर तारांच्या खाली
उंदरीण व्यालेली.
सगळीकडे तोच कॉन्चेर्टो. परक्याचा.
रात्री आगगाडीच्या वेळापत्रकामागे ती काही लिहायची
आणि सकाळी मला सांगायची, "हिशेब होता."
मी खोदून विचारलं नाही.
तार किती ताणावी हे ज्याला कळतं
त्याला एवढं तरी कळावंच.

संगीतकार संघात घोडं पेंड खायचं ते एकाच ठिकाणी:
"वादक आहात ना, मग वाजवा.
आणि शेवट इतका दबका का?
मागच्या रांगेतल्या कामगाराला ऐकू जाईल?"
अकरा वर्षांत अकरा वेळा ती वही परत घेऊन आली.
तपकिरी वही. कोपऱ्यावर बीटाचा डाग.

मग सीमा उघडल्या.
रॉटरडॅमच्या कार्यक्रमपत्रिकेत तिचं नाव दोनदा छापलं:
वर वादक म्हणून,
खाली बारीक अक्षरात, रचना.
ते खालचं नाव ती बोटाने चाचपत बसली,
जणू शाई अजून ओली असावी.

आणि तेव्हाच कान जायला लागले. वरून.
आधी टोकाचे चार स्वर, मग सहा,
समुद्राकाठचं गाव वाळूत जातं तसे,
एकेक उंबरा.
शेवटची रचना तिने मुद्दाम
अठ्ठ्याऐंशीव्या पट्टीवर संपवली.
"मला तो ऐकू येणार नाही, एवाल्ड्स. पहिल्या रांगेत बस.
वाजला की मान हलव."

त्सेसिसचं सभागृह, नोव्हेंबर.
तीनशे खुर्च्या, एकशे चाळीस माणसं.
त्या शेवटच्या हातोडीवर केसाएवढी चीर
मी दुपारीच पाहिली होती.
म्हटलं, एक रात्र निभेल.

बोट पडलं, आणि
ठक्.
फक्त लाकूड.
हातोडीची मान मोडली होती.
मी माझी हलवली.

परतताना गाडीत ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "लाकूड होतं ना?
कान गेलेत माझे. बोटं नाहीत."
मी काच पुसत राहिलो.
धुकं बाहेरून होतं, मी आतून पुसत होतो.

आता ती नाही.
छापील प्रतीत शेवटच्या स्वराच्या जागी एक फुली आहे.
तरुण वादक येतात, विचारतात, हिचा अर्थ काय?
जोरात? की हळू?
मी झाकण उघडतो,
टोकाची हातोडी काढून खिशात टाकतो,
म्हणतो, वाजवा आता.

बहुतेक जण ओशाळतात.
परवा एक मुलगी वाजवून थांबली,
मागे वळून बघत म्हणाली,
"दारावर कुणी आहे का?"