केस बांधा

जुलैचा दुसरा आठवडा. शेफील्डला ऊन पडलंय,
म्हणजे जॅकेट हातावर घ्यायचं, कपाटात ठेवायचं नाही.
तळघरातल्या वर्कशॉपात सव्वीस मुली,
चौदा-पंधराच्या,
कुणी बार्न्सलीहून, कुणी रॉदरहॅमहून पहिल्या बसने.

मी दारातच सांगते : केस बांधा.
अंगठ्या काढा. दोऱ्या, टोकं, काय लोंबत असेल ते आत खोचा.
हफ्सा हिजाब कोटात खुपसते.
इमोजेन कुरकुरते, मुलांनाही सांगता का हे?
सांगते. लांब केसांच्या प्रत्येकाला.
लेथचा चक मिनिटाला आठशे फेरे घेतो,
तो विचारत नाही तू कुणाची कोण.

मलाही हेच दोन शब्द ऐकवले होते
मिरजेला, आयटीआयच्या फाटकात, शहाण्णव साली.
टर्नर ट्रेडला एकटी मुलगी.
पण ते मशीनसाठी नव्हते.
मशीनपाशी जायचंच कुठे होतं?
सर म्हणाले, अक्षर छान आहे तुझं, हजेरी लिही.
वर्षभर लिहिली. एकतीस मुलांची, आणि माझी.
लेथ शिकले जेवणाच्या सुट्टीत,
स्टोअरचे नदाफमामा किल्ली विसरून जायचे म्हणून.
रोज विसरायचे.

आज बाल्साच्या पुलांची परीक्षा.
दोन स्टुलं, मधे पूल, खाली बादली,
बादलीत मापाने वाळू.
हफ्सा-इमोजेनचा पूल
एकोणीस किलोपर्यंत गप्प होता.
मग कडकन.
वाळू माझ्या बुटात.

इमोजेनचे डोळे भरले.
हफ्सा तोवर पालथी पडून
स्टुलाखालचे तुकडे जुळवत होती.
तुटला ते सगळ्यांनी पाहिलं, म्हणाली,
पण आधी कुठे तुटला?
सांध्यात नाही. डिंक शाबूत.
सांध्याच्या शेजारी, जिथे घाईत जास्त तासलं होतं.

कॅलिपर आहे?
आहे. एप्रनच्या खिशात. माझा स्वतःचा,
मी तो कुणाला देत नाही.
दिला.

दोन पॉइंट चार, हफ्सा म्हणाली.
पुन्हा बघ.
श्वास धरून पुन्हा बघितलं. दोन पॉइंट एक.
इमोजेन नाक पुसत जवळ आली,
मला बघू दे. तिलाही दोन पॉइंट एक.

हफ्साने वहीत टिपून ठेवलं.
मी डोकावले.
अक्षर भयंकर आहे पोरीचं,
शाईत पडलेली मुंगी कागदभर फिरावी तसं.

चला. हिला कुणी हजेरी लिहायला बसवणार नाही.