टोक

नागदेवी स्ट्रीटवर, नटबोल्टांची पोती ओलांडत
मुफद्दलभाईंच्या दुकानात पोचलो तेव्हा
ते दुपारचा डबा सोडत होते.
काचेखाली सुऱ्याच सुऱ्या.
मी बोट ठेवलं ते सगळ्यात झगमगीत पात्यावर:
पाठीला करवतीचे दात, मुठीच्या बुडाला होकायंत्र,
बूच फिरवलं की आत काड्या, गळ, दोरा.

"ही नको. मूठ पोकळ आहे,
पातं जेमतेम दोन बोटं आत.
पहिल्याच बांबूला मूठ तुमच्या हातात राहील
आणि पातं बांबूत.
ही वाढदिवसाला देतात लोक."

मग डब्याचं झाकण परत लावून म्हणाले,
"कापायचं काय आहे?"

हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

पिशवीतून वडिलांची सुरी काढली,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
परवाने मिळायचे त्या काळात जव्हारकडच्या रानात
तिनं ससे सोलले, एकदा अख्खं डुक्कर.
शिसवी मूठ, अंगठा टेकून टेकून पडलेला खळगा.
वडिलांचा अंगठा जाड होता.
माझा त्यात हलतो.

मुफद्दलभाईंनी चष्मा कपाळावर चढवला,
पात्याला नखानं टिचकी मारली, कानाशी धरली.
"ट्रकच्या कमानीची पट्टी आहे. अस्सल.
आणि मुठीतून आरपार गेलेली,
हे बघा, बुडाशी दिसतंय.
गंजेल. गंजू दे, खोबरेल लावत जा.
स्टेनलेस चकाकतं, पण दगडावर रुसतं.
फक्त हे पोट बघा पात्याचं, गोलाई घेतलेलं.
हे कातडं सोलायला.
तुम्हाला काय सोलायचंय?"

काही नाही, म्हटलं.

विक्रोळीच्या कांदळवनात आम्ही चौघं जातो, रविवारी.
खाडीतून वाहत आलेलं नायलॉनचं जाळं मुळांना गुंतून बसतं
आणि जाळ्यात कोल्हे.
गेल्या महिन्यात एक मादी होती,
गळ्याभोवती चार पदर, डोळे माझ्यावर.
मी दोरीखाली सुरी सरकवली
तिनं मान झटकली
टोक खांद्यात गेलं.
फार नाही, अर्धं पेर.
पण मी घातलं.
सुटली ती, तीन पायांवर चिखलात नाहीशी झाली,
आणि होडीतून जानकी वैती म्हणाली,
"सुरी शिकारीची हाय रं तुजी. तिला सवय तीच."

हे मी दुकानात सांगितलं नाही. एवढंच म्हटलं,
"जाळं कापायचंय. आत जीव असताना."

ते बराच वेळ पातं उलटसुलट करत राहिले.
"मग टोक कशाला ठेवलंय?"

खडूनं एक तिरपी रेघ मारली.
"काढू?"

बाहेर हमाल ओरडत होता, बाजू, बाजू.
वडील म्हणायचे, सुरीची सगळी अक्कल टोकात असते,
बाकी नुसती लांबी.
वडील गेल्याला नऊ वर्षं झाली. आज मला पहिल्यांदाच
त्यांना विचारल्याशिवाय त्यांच्या वस्तूवर
हो म्हणायचं होतं.

काढा.

चाकावर ठिणग्या.
दर चार श्वासांनी ते पातं पाण्याच्या डब्यात बुडवत,
"तापलं तर पोलादाचं पाणी उतरतं," म्हणत,
आणि डबा चर्र करत होता.
बोटाच्या अग्रासारखं बोथट, गोल टोक करून त्यांनी ते
स्वतःच्या गालावर दाबून दाखवलं.
काही झालं नाही.
चाळीस रुपये घेतले.

या रविवारी कुणी अडकलेलं नव्हतं.
अकरा किलो जाळं कापलं, त्यात एक लहान मुलाची चप्पल.
जानकीनं माझी सुरी हातात घेतली,
तिच्या स्वतःच्या सुरीशेजारी धरली:
तिची घासून घासून बोटाएवढी उरलेली, काळी,
खवले चिकटलेली.

"म्हातारी झाली ही," ती म्हणाली. "बरी झाली."
आणि पुन्हा खेकडे बांधायला लागली.